डेन्मार्कचे दर्यासारंग

१६५८ च्या जानेवारीत डेन्मार्कचा समुद्र गोठला. बाल्टिकच्या तोंडाशी हिवाळ्यात थोडाफार बर्फ धरतोच, पण त्या वर्षीची थंडी निराळी होती. जटलंड आणि फ्यून बेट यांच्यामधली अरुंद सामुद्रधुनी गोठली, फ्यूनच्या पलीकडचा रुंद बेल्टही गोठला, आणि जिथे एरवी जहाजे चालत तिथे क्षितिजापर्यंत पांढरे मैदान पसरले. स्वीडनचा राजा दहावा कार्ल गुस्ताव तेव्हा आपली फौज घेऊन जटलंडमध्ये होता. कोपनहेगन ज्या बेटावर वसले आहे ते शेलांड त्याला हवे होते. मध्ये दोन ठिकाणी समुद्र आडवा होता आणि त्या समुद्रावर पहारा होता डॅनिश आरमाराचा. ३० जानेवारीला त्याने आपले घोडदळ सरळ बर्फावर घातले. वाटेत बर्फ फुटला, दोन तुकड्या घोड्यांसकट पाण्यात गेल्या, पण उरलेले सैन्य फ्यूनवर पोचले. मग एरिक दालबेर्ग या अधिकाऱ्याने पुढच्या वाटेवरचा बर्फ तपासला, आणि फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात स्विडिश फौज लांगेलांड आणि लोलांड या बेटांवरून शेलांडमध्ये उतरली.

न्यूबोर्गच्या खाडीत डेन्मार्कची चार जहाजे अडकली होती. त्यांचा कप्तान ब्रेडाल याने जहाजांभोवतीचा बर्फ कापून काढला, पाण्याचा खंदक केला आणि तोफा चालवून स्विडिशांना परतवले. चार जहाजे वाचली, राज्य वाचले नाही. २६ फेब्रुवारीला रोस्किल्ड गावी तह झाला. स्कोने, हालांड, ब्लेकिंगे हे ओरेसुंड सामुद्रधुनीपलीकडचे सुपीक प्रांत, शिवाय बोर्नहोम बेट आणि नॉर्वेतला ट्रॉनहेम प्रदेश स्वीडनला गेले. मुलखाचा जवळजवळ तिसरा हिस्सा एका हिवाळ्यात हातचा गेला.

त्या वेळी डेन्मार्कच्या आरमाराचा सर्वोच्च अधिकारी होता ओवे गेड्डे. वय ६३. त्याचा जन्म स्कोनेमधल्या टोमेरूपचा, म्हणजे ज्या तहाने राज्याचे कंबरडे मोडले त्याच तहाने त्याची जन्मभूमीही परक्याची झाली. याच माणसाने ऐन पंचविशीत, आपल्या तंजावरजवळच्या किनाऱ्यावर, एक किल्ला उभा केला होता. तो किल्ला आजही आहे. त्याच्याकडे मी पुढे येईनच. आधी त्याच्या पदाबद्दल सांगायला हवे, कारण गेड्डेची गोष्ट ही मुळात त्या पदाची गोष्ट आहे.

पदाचे नाव रिग्सअॅडमिरल. 'रिगे' म्हणजे राज्य. राज्याचा आरमारप्रमुख, राज्याचा दर्यासारंग. या नावातला 'राज्याचा' हा शब्द नीट ऐकला पाहिजे. सोळाव्या-सतराव्या शतकातला डेन्मार्कचा राजा कागदोपत्री निवडून आलेला असे. गादीवर येताना त्याला एका सनदेवर सही करावी लागे, आणि राज्यपरिषदेतल्या वीसेक सरदारांच्या संमतीवाचून अमुक करणार नाही, तमुक करणार नाही, अशी वचने द्यावी लागत. कारभाराची मोठी पदे परिषदेतल्या सरदारांना जात: राज्याचा कारभारी, चॅन्सेलर, जमिनीवरच्या फौजेचा मार्शल आणि समुद्रावरचा अॅडमिरल. माणूस नेमायचा राजाने, पण तो देशातल्या सरदारांतलाच हवा. परदेशी नको. पगाराऐवजी मोठी जहागीर मिळे. रोजचा कारभार, म्हणजे कोपनहेगनच्या होल्मेन गोदीतली लाकडे, दोर, शिडे, दारूगोळा, खलाशांची भरती, हे पाहायला निराळा अधिकारी असे. रिग्सअॅडमिरलने परिषदेत बसायचे, आणि लढाई आली की जहाजावर चढायचे.

एवढा मान समुद्राला का, हे डेन्मार्कचा नकाशा पाहिला की कळते. बाल्टिकमधून बाहेर पडणारे प्रत्येक गलबत, मग ते पोलंडचे धान्य नेवो, रशियाचा ताग नेवो वा स्वीडनचे लोखंड, हेल्सिंगोरच्या चिंचोळ्या ओरेसुंडमधून जाई आणि तिथे जकात भरी. एका काठावर क्रोनबोर्गचा किल्ला, दुसऱ्या काठावर हेल्सिंगबोर्ग, दोन्ही डेन्मार्कचे. हा पैसा थेट राजाच्या तिजोरीत जाई. म्हणजे पैसा राजाचा आणि तो राखणारे आरमार राज्याचे. पुढच्या शंभर वर्षांतली बरीचशी ओढाताण या एका विसंगतीतून आली, असे मला वाटते.

या पदावर गाजलेला पहिला माणूस पेडर स्क्राम. १५३५ साली, यादवी युद्धाच्या धामधुमीत, त्याने स्वेनबोर्गच्या सामुद्रधुनीत ल्युबेकच्या आरमाराचा निकाल लावला. ल्युबेक हे जर्मन व्यापाऱ्यांचे शहर तोवर बाल्टिकचे मालक असल्यासारखे वागत आले होते. त्या दिवसानंतर ते दिवस सरले. डॅनिश लोकांनी स्क्रामला 'डेन्मार्कचा धाडसी' असे नाव दिले. म्हातारपणी स्वीडनशी पुन्हा युद्ध पेटले, तेव्हा त्याला परत बोलावले, पण १५६३ मध्ये त्याच्या जागी हेर्लुफ ट्रोल आला.

ट्रोलपाशी थोडे थांबावेसे वाटते. हा काही समुद्रावर वाढलेला गडी नव्हता. तरुणपणी तो विटेनबर्गला शिकायला गेला होता, लूथरच्या सुधारणांचे वारे जिथून सुटले त्या गावी. पुस्तकांचा माणूस. बायको बिर्गिट्टे ग्योये ही मोठ्या घराण्यातली, खंबीर बाई. मूलबाळ नव्हते. १५६० मध्ये राजा दुसरा फ्रेडरिक याने ट्रोलशी जमिनीची अदलाबदल केली: ट्रोलची हिलेरोडची इस्टेट राजाने घेतली आणि बदल्यात नेस्टवेदजवळचा एक जुना मठ दिला. राजाने त्या इस्टेटीला आपले नाव दिले. पुढे तिथे फ्रेडरिक्सबोर्गचा भव्य राजवाडा उभा राहिला. ट्रोलच्या मठाचे काय झाले ते खाली येते.

३० आणि ३१ मे १५६४ ला ओलांड बेटाच्या उत्तरेला डॅनिश आणि ल्युबेकची जहाजे स्विडिश आरमाराशी भिडली. तोवरचा वैरी ल्युबेक आता डेन्मार्कचा दोस्त होता. स्विडिशांचे मुख्य जहाज 'मार्स' हे त्या काळातल्या सर्वांत मोठ्या युद्धनौकांपैकी एक, शंभराहून अधिक तोफांचे. दोन दिवसांच्या लढाईत ते एकटे पडले, घेरले गेले, पेटले. जहाजावर चढलेले सैनिक लुटीत गुंतले असताना आग दारूच्या कोठारापर्यंत पोचली आणि शेकडो माणसांसकट मार्स फुटले. स्विडिश अॅडमिरल याकोब बागे त्याआधी कैद झाला होता म्हणून जगला. मार्सचा सांगाडा पाणबुड्यांना २०११ साली सापडला, समुद्राच्या तळाशी, लाकडे अजून शाबूत. बाल्टिकच्या कमी खाऱ्या, थंड पाण्यात लाकूड खाणारा किडा टिकत नाही, म्हणून ही जहाजे राहतात.

पुढच्या वर्षी ट्रोल पुन्हा निघणार होता. निघण्याआधी, २३ मे १५६५ रोजी, त्याने आणि बिर्गिट्टेने एका दानपत्रावर सह्या केल्या. मठ आणि त्याच्या जमिनी एका शाळेला दिल्या, सरदारांच्या आणि इतर भल्या घरच्या मुलांसाठी. मग तो जहाजावर चढला. ४ जूनला मेक्लेनबर्गच्या किनाऱ्याजवळ स्विडिश अॅडमिरल क्लास होर्नशी गाठ पडली. ट्रोल जबर जखमी झाला. असे सांगतात की जखमा बांधायला वैद्य आला तेव्हा त्याने आधी इतरांकडे जायला सांगितले. २५ जूनला कोपनहेगनमध्ये तो गेला. दानपत्रानंतर तेहेतीस दिवसांनी. नेस्टवेदजवळची ती हेर्लुफ्सहोम शाळा नंतर बिर्गिट्टेने सांभाळली, आणि तिथे आजही मुले शिकतात. जहागीर घेतलेल्या सरदाराने तिची किंमत स्वतःच्या देहाने द्यायची, हा या पदामागचा करार होता. ट्रोलने तो इतक्या सरळपणे पाळला, की त्याच्याबद्दल लिहिताना शब्द आपोआप मऊ होतात.

त्याच्यामागून आरमार घेतले ओट्टे रूडने. ७ जुलैला बोर्नहोमजवळ लढाई झाली. रूडने जहाज सोडले नाही, पकडला गेला, आणि त्याच वर्षी स्वीडनच्या कैदेत प्लेगने मेला. एका उन्हाळ्यात दोन आरमारप्रमुख.

पुढचे वर्ष याहून वाईट गेले. जुलै १५६६ मध्ये एका लढाईनंतर डॅनिश आणि ल्युबेकची जहाजे गॉटलंड बेटावरच्या विस्बी बंदराबाहेर नांगर टाकून थांबली. लढाईत पडलेल्या एका बड्या अधिकाऱ्याला पवित्र भूमीत, चर्चच्या आवारात पुरायचे होते. तिथला तळ नांगर धरत नाही, वारा उलटला तर निसटायला जागा नाही, हे जाणत्यांनी सांगितले होते. तरीही थांबले. रात्री वादळ उठले. डझनाहून अधिक मोठी जहाजे किनाऱ्यावर आणि एकमेकांवर आपटून फुटली. अॅडमिरल हान्स लाउरिड्सेन आणि ल्युबेकचा नगराध्यक्षही त्यात गेले. हजारो माणसे बुडाली. सात वर्षे चाललेल्या त्या युद्धात शत्रूने जे केले नाही ते एका अंत्यसंस्काराच्या हट्टाने झाले.

पेडर मुंकची कारकीर्द लांब, १५७६ ते १५९६, आणि शांततेची. तरी त्याचे नाव एका प्रकरणाने लक्षात राहते. १५८९ मध्ये राजकन्या अॅन हिला नवऱ्याकडे, स्कॉटलंडच्या सहाव्या जेम्सकडे, पोचवायचे काम त्याच्याकडे आले. सप्टेंबरात ताफा निघाला. वादळांनी त्याला पुन्हा पुन्हा मागे ढकलले, जहाजांत पाणी शिरले, आणि शेवटी राजकन्येला नॉर्वेच्या किनाऱ्यावर उतरवावे लागले. नवरदेव स्वतःच समुद्र ओलांडून आला आणि २३ नोव्हेंबरला ओस्लोत लग्न लागले. मुंकने दोष दिला खजिनदार वाल्केनडोर्फला: जहाजांची दुरुस्ती नीट केली नाही म्हणून. वाल्केनडोर्फ निर्दोष ठरला. मग दोष गेला चेटकिणींवर. १५९० मध्ये कोपनहेगनमध्ये गरीब बायकांना पकडून छळले, वादळ त्यांनी उठवले असे वदवून घेतले आणि जाळले. त्या आगीची ठिणगी स्कॉटलंडला गेली आणि तिथे नॉर्थ बेरिकचे खटले उभे राहिले. गोदीतल्या गळक्या फळ्यांचा हिशेब ज्यांना द्यायचा होता ते दोघेही सरदार घरी गेले. ज्या बायकांनी कधी शीडही हातात धरले नव्हते त्या जळाल्या. या पदाच्या इतिहासातले हे पान मला सर्वांत जड वाटते.

मुंकनंतर चित्र पालटू लागले, कारण गादीवर चौथा ख्रिश्चन होता. या राजाला जहाजांचे वेड होते. जहाजांचे आराखडे तो स्वतः बघे, गोदीत फिरे, कोपनहेगनमध्ये शस्त्रागार आणि कोठार बांधले, खलाशांच्या कुटुंबांसाठी न्यूबोडरच्या लांबलचक चाळी उठवल्या. ज्याला स्वतःच आरमारप्रमुख व्हायचे आहे त्याला दुसरा आरमारप्रमुख कशाला हवा? पद काही काळ रिकामेच राहिले. भरले तेव्हाही खरा दर्यासारंग कोण, याबद्दल कुणाला शंका नव्हती.

याच राजाच्या काळात गेड्डे भारतात आला. १६१६ मध्ये डॅनिश ईस्ट इंडिया कंपनी निघाली. श्रीलंकेतल्या कॅंडीच्या राजाचा दूत म्हणवणारा बोशाउवर नावाचा डच माणूस कोपनहेगनला आला आणि पोर्तुगीजांविरुद्ध मदत केलीत तर लंकेचा व्यापार तुमचा, असे सांगू लागला. राजाने ताफा दिला आणि त्याचा प्रमुख नेमला ओवे गेड्डे. तेवीस वर्षांचा तरुण, ज्याने तोवर असे काहीच केले नव्हते. नोव्हेंबर १६१८ मध्ये ते निघाले. प्रवास दीड वर्ष चालला. रोगराईने आणि उपासमारीने अर्ध्याहून अधिक माणसे मेली. बोशाउवरही वाटेतच गेला. मे १६२० मध्ये लंकेला पोचल्यावर कळले की कॅंडीच्या राजाला तो करार मान्य नाही.

इकडे ताफ्याच्या पुढे पाठवलेले, रोलांड क्रापे या अधिकाऱ्याचे जहाज 'ओरेसुंड' कारैकलजवळ पोर्तुगीजांनी बुडवले होते. क्रापे जीव वाचवून तंजावरच्या नायकाच्या आश्रयाला गेला. हा अपघातच कामी आला. रघुनाथ नायकाला पोर्तुगीजांखेरीज आणखी एखादा गिऱ्हाईक किनाऱ्यावर हवाच होता. गेड्डे तंजावरला गेला आणि नोव्हेंबर १६२० मध्ये करार झाला: तरंगंबाडी नावाचे कोळ्यांचे गाव, तिथे किल्ला बांधायची मुभा, वर्षाला ३,१११ रुपये खंड. नायकाने ख्रिश्चन राजाला सोन्याच्या पत्र्यावर कोरलेले पत्र धाडले. ते कोपनहेगनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपलेले आहे. किल्ल्याचे नाव ठेवले डान्सबोर्ग. गेड्डे १६२२ च्या मार्चमध्ये मिरी घेऊन मायदेशी पोचला. प्रवासाची त्याने रोजनिशी लिहिली. भारतात तो पुन्हा कधी आला नाही.

पण त्याने लावलेले रोप वाढले, आणि त्याची एक फांदी आपल्या अंगणात आली. अर्धशतकानंतर व्यंकोजीराजे भोसल्यांनी तंजावर घेतले, आणि नायकाला जो खंड जाई तो डॅनिश आता मराठी दरबारात भरू लागले. तरंगंबाडीतूनच डॅनिश राजाच्या आश्रयाने जर्मन मिशनऱ्यांचे काम चाले. त्यांतला १७५० मध्ये आलेला क्रिश्चन फ्रीड्रिश श्वार्ट्झ पुढे तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांचा गुरू झाला. सरस्वती महाल ग्रंथालयाला ज्यांनी आयुष्य दिले, मराठीत लिहिले, छापखाना चालवला, त्या राजाच्या शिक्षणामागे हा लांबचा धागा आहे. १८४५ मध्ये डॅनिशांनी तरंगंबाडी इंग्रजांना विकली. किल्ला समुद्राकडे तोंड करून उभा आहे.

गेड्डेची पुढची वीस वर्षे मुख्यतः नॉर्वेत गेली, जो तेव्हा डेन्मार्कच्याच राजाखाली होता. जहागिरी सांभाळल्या, कोंग्सबेर्गच्या चांदीच्या खाणीत, लोखंडाच्या भट्ट्यांत लक्ष घातले.

१६४३ च्या अखेरीस स्वीडनने न सांगता हल्ला केला. १ जुलै १६४४ ला कोल्बेर्गर हाइडेच्या लढाईत ६७ वर्षांचा ख्रिश्चन स्वतः 'ट्रेफोल्डिगहेड' जहाजाच्या डेकवर उभा होता. तोफेचा गोळा जवळ फुटला, राजाचा उजवा डोळा गेला, तो पडला, उठला आणि लढाई संपेपर्यंत उभा राहिला. त्याच लढाईत आरमारप्रमुख योर्गेन विंड जखमी झाला आणि काही दिवसांनी मेला. राजाच्या डोळ्यावर चित्रे निघाली, गाणी झाली. विंडचे नाव आज डेन्मार्कबाहेर कुणी घेत नाही.

मग जे झाले ते कठोर होते. स्विडिश आरमार कीलच्या खाडीत कोंडले गेले होते आणि तोंडावर पहारा होता अॅडमिरल पेडर गाल्टचा. वारा बदलला, स्विडिश निसटले, गाल्टने रोखले नाही. ऑगस्टच्या अखेरीस कोपनहेगनच्या राजवाड्यासमोर त्याचे डोके उडवले. तो साठीचा होता. ऑक्टोबरात फेमार्नजवळ आरमाराचा जवळजवळ सफाया झाला. गाल्टच्या मृत्यूने एकही जहाज परत आले नाही.

१६४५ चा तह अपमानाचा झाला. त्या पडझडीत ओवे गेड्डेला रिग्सअॅडमिरल केले. पद मिळाले ते असे: तिजोरी रिकामी, जहाजे बुडालेली, राजा म्हातारा आणि परिषदेवर चिडलेला. पंधरा वर्षे त्याने ते सांभाळले. १६५५ मध्ये एकट्या माणसाऐवजी मंडळाने आरमार चालवावे म्हणून नौदल मंडळ स्थापन झाले. १६५७ चे युद्ध आले तेव्हा मोनजवळ स्विडिशांशी लढायला गेला तो हेन्रिक बिएल्के. आणि मग समुद्र गोठला.

रोस्किल्डचा तह होऊन सहा महिने होतात न होतात तोच कार्ल गुस्तावने पुन्हा चढाई केली, या वेळी कोपनहेगनच घ्यायला. त्याच साली गेड्डे स्विडिशांच्या हाती सापडला. राज्याचा आरमारप्रमुख शत्रूच्या कैदेत आणि राजधानीला वेढा. ऑक्टोबरमध्ये वेढ्यातल्या शहराला रसद पोचवली ती डच आरमाराने. फेब्रुवारी १६५९ मधला स्विडिशांचा हल्ला परतवला तो शहराच्या तटावर उभ्या राहिलेल्या साध्या नागरिकांनी, विद्यार्थ्यांनी आणि सैनिकांनी. जहागिरी भोगणारे सरदार या संकटात कुठे होते, हा प्रश्न त्या तटावरच विचारला जाऊ लागला असणार.

उत्तर १६६० च्या शरदात मिळाले. तह झाला, स्कोने परत आलेच नाही, गेड्डे सुटून आला. कोपनहेगनमध्ये सरदार, धर्मगुरू आणि नागरिक यांची सभा बसली. व्यापारी आणि धर्मगुरू यांनी राजा तिसरा फ्रेडरिक याच्याशी हात मिळवले, शहराचे दरवाजे बंद झाले, आणि सरदारांना मान तुकवावी लागली. ऑक्टोबरात राजपद वंशपरंपरागत ठरले. राजाने सही केलेली ती वचनांची सनद त्याला परत दिली गेली, रद्द म्हणून. ज्या परिषदेने गेड्डेचे पद घडवले ती परिषद संपली. १९ डिसेंबर १६६० ला गेड्डे मरण पावला.

पदाचे नाव तरीही उरले. ते हेन्रिक बिएल्केला मिळाले. बिएल्के मूळचा नॉर्वेचा, आणि आइसलँडचा कारभारही त्याच्याकडे. १६६२ च्या उन्हाळ्यात राजाने त्याला आइसलँडला धाडले, तिथल्या लोकांकडून नव्या निरंकुश राजसत्तेची शपथ घ्यायला. त्यांच्या अल्थिंगची, म्हणजे सातशे वर्षांहून जुन्या लोकसभेची, बैठक आटोपल्यावर तो पोचला. म्हणून पुढाऱ्यांना कोपावोगुर येथे पुन्हा बोलावले. २८ जुलैला, सैनिकांच्या पहाऱ्यात, बिशप ब्रिन्युल्फुर आणि वृद्ध न्यायप्रमुख आर्नी ओड्सन यांनी सह्या केल्या. आर्नींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, असे आइसलँडमध्ये सांगतात. कागद पुढे करणारा अधिकारी राज्याचा अॅडमिरल म्हणवत होता, पण तो आता सर्वार्थाने राजाचा होता.

लढायला मात्र राजाने बाहेरून माणसे आणली. डच आरमारात शिकलेल्या नॉर्वेजियन कोर्ट आडेलरला वरचढ हुद्दा दिला, तो गेल्यावर डच कोर्नेलिस ट्रॉम्पला. देशातला सर्वांत कसलेला खलाशी, निल्स यूल, खालीच राहिला. १ जुलै १६७७ ला, ट्रॉम्प पोचण्याआधी, यूलने कोगेच्या उपसागरात स्विडिश आरमाराची अशी धूळधाण उडवली की ती डेन्मार्कच्या समुद्रावरची सर्वांत मोठी फत्ते मानतात. दोन वर्षांनी बिएल्के निवृत्त झाला. रिग्सअॅडमिरलची जागा मोकळी होती आणि यूल पन्नाशीचा, कीर्तीच्या शिखरावर होता. ती त्याला मिळाली नाही. नंतरही ती कुणालाच मिळाली नाही.